रिकामी आळी

मे महिन्यात आमच्या दिवेआगरच्या वाडीत भांडण होतं ते पाण्यावरून. यंदा भांडायला माझे वडील, अण्णा, नव्हते; पक्षाघातानं ते माजघरात लोखंडी खाटेवर पडून होते. वाडी शिंपायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि विहिरीनं तळ गाठला होता. त्याखाली उपसलं की खारं पाणी लागतं.

मी पुण्यात वनस्पतींवर संशोधन करते. तहानलेलं झाड आवाज करतं, हा माझा विषय. पाणी कमी पडलं की खोडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटतात आणि बारीक टिकटिक होते. माणसाला ती ऐकू येत नाही, माझ्या यंत्राला येते आणि ते ती हेडफोनमध्ये ऐकवतं. परदेशात टोमॅटोच्या रोपांवर हे दिसून आलंय, मी आमच्या सुपारीच्या झाडांवर, पोफळींवर, करून बघत होते. पाणी प्यायलेलं झाड जवळजवळ गप्प असतं. कुणाला आधी पाणी द्यायचं ते झाडच सांगणार होतं, मला आयतं काम.

अडचण होती ती अण्णांच्या हट्टाची. निसर्ग चक्रीवादळात विहिरीकडची पोफळींची अख्खी ओळ मुळासकट उपटली गेली. अण्णांनी तिथली, बुंध्यांभोवती पाण्यासाठी खणलेली आळी बुजवली नाहीत की नवी रोपं लावली नाहीत. पाट सोडला की त्या रिकाम्या आळ्यांनाही पाणी द्यायचे. "कुणाची पाण्याची बारी चुकवायची नाही," म्हणायचे. हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस खड्ड्यांना पाणी पाजतो म्हणून गाव हसायचं. मीही हसायचे.

यंदा मी तो पाट मातीनं बंद केला. उभ्या झाडांना पाणी पुरत नसताना दुसरं कुणी काय केलं असतं?

आठवडाभरात अण्णांची जीभ कोरडी पडली. पाणी पाजलं की प्यायचे, तरी ओठ फुटत होते आणि कातडीची चिमटी उचलली की तशीच राहत होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं. "आत तर जातंय," ते बाटलीकडे बघत म्हणाले. "मग जातंय कुठे?"

त्या दुपारी मी यंत्र घेऊन वाडीत फिरत होते. पोफळी गप्प होत्या. पाटाच्या बंद तोंडाशी आले आणि हेडफोन टिकटिकायला लागला.

किडे असतील, म्हणून माती उकरली. वायर बदलली. यंत्र विहिरीच्या कठड्याकडे वळवलं, आवाज बंद. पुन्हा आळ्याकडे धरलं. कोरडी माती, आत एक मूळ नाही, आणि टिकटिक चालू. पुढच्या आळ्यात तेच. त्यापुढच्यातही.

घरात आले तेव्हा अण्णा माझ्याकडेच बघत होते.

"त्यांना दिलंस का गो?"

"कुणाला, अण्णा?"

त्यांनी डोळे मिटले.

मी हातानंच पाट फोडला, पंप लावला. पाणी आळ्याआळ्यांतून सरकत गेलं तशी एकेक टिकटिक विझली. धावत माजघरात आले. शेजारच्या दुर्गाकाकू खाटेपाशी बसल्या होत्या.

"ओठ ओले झाले बघ यांचे," त्या चाचरत म्हणाल्या. "मी तर चमचाही लावला नव्हता."

मी किती दिवसांनी हसले.

दुसऱ्या दिवशी पंपानं चिखल ओढला. टँकर विचारला तर लग्नसराईत एकही मोकळा नव्हता. मग घरातलं पिण्याचं पाणी कळशीनं नेऊन ओतत राहिले. माझं शिक्षण मला वेडी म्हणत होतं. उभ्या पोफळी टिकटिकायला लागल्या, लागू दे म्हटलं. सगळी वाडी जळू दे, मला माझे अण्णा हवे होते.

कळशी पुरली नाही. पाऊस यायच्या आधीच अण्णा गेले.

दिवसकार्य उरकल्यावर काकूंनी गादी उन्हात टाकली. मी सामान आवरत होते. शेवटचं एकदा वाडीत जाऊन आले होते. रिकामी आळी गप्प होती, सगळीच्या सगळी. यंत्र पेटीत ठेवायला माजघरात आले.

हेडफोन गळ्यात होता. त्यातून टिकटिक आली.

यंत्र भिंतीकडे वळवलं, गप्प. दाराकडे, गप्प.

खाटेकडे वळवलं.

लोखंड टिकटिकत नाही. मला माहीत आहे.

स्वयंपाकघरातून तांब्या भरून आणला आणि उशी असायची तिथे हळूहळू ओतला. टिकटिक थांबली.

काकू दारात उभ्या होत्या. पाणी खाटेच्या पट्ट्यांतून फरशीवर गळत होतं.

"उद्या निघतेस ना गो पुण्याला?"

"नाही काकू," मी म्हटलं. "उद्या बारी आहे."