नकाशातला झरा

टेकडीवर न जाताच मुलं घरी बसून नकाशे रंगवतात, हे पंचवीस वर्षं भूगोल शिकवून मला पक्कं कळलंय. म्हणून दरडींच्या प्रकल्पासाठी मूळ नकाशा काढताना मी दरवर्षी त्यात एक खोटी खूण घालते. यंदा शाळेमागच्या टेकडीवर, धाकट्या बहिणीच्या घराच्या जरा वर, निळ्या पेन्सिलीने एक झरा काढला. तिथे झराबिरा काही नाही. ज्याच्या वहीत झरा येईल तो घरी बसला, इतका सोपा हिशेब.

पाचही गटांच्या वहीत झरा आला.

हसावं की रडावं कळेना. एकाने रुंदी लिहिली होती, एक वीत. एकाने पाण्याचं तापमानही. माझी भाची तर गढूळ पाण्याची बाटलीच घेऊन आली.

"नळाचं पाणी आणि कुंडीतली माती," मी म्हणाले. "मला बनवतेस?"

शाळेत ती मला मॅडम म्हणते, त्या दिवशी विसरली. "मावशी, शप्पथ! बूट बघ ना माझे."

बूट चिखलाने भरले होते. चिखल काय, कुठेही मिळतो. मी सगळ्यांबरोबर तिलाही शून्य गुण दिले. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. ते मला फार लागलं.

शनिवारी दुपारी मी एकटीच टेकडी चढले. गवत वाळून कुरकुरीत झालं होतं. आणि त्या कोरड्या उतारावर, मी काढला होता तिथेच, पाणी वाहत होतं. रुंदी एक वीत. वरच्या बाजूला जमिनीला बोटभर तडा गेला होता. पाणी मुरलेला उतार कधी सुटतो, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. खाली बहिणीच्या घराचं छप्पर दिसत होतं.

मी तिथूनच फोन लावला. "आत्ताच्या आत्ता घराबाहेर पडा."

बहीण हसली. "माणसांवर तुझा विश्वास नव्हताच, ताई. आता डोंगरावरही नाही?"

घरी येऊन मी खोडरबर घेतला. वेडेपणा होता, पण नकाशातला झरा खोडला.

रविवारी उतार खडखडीत कोरडा होता. तडाही नव्हता. भाचीचे आणि बाकीच्यांचेही गुण बदलायचे ठरवून, हलक्या मनाने घरी परतले, तोच बहिणीचा फोन.

"ताई, काही पडलं नाही, फुटलं नाही. पण स्वयंपाकघराचा कोपराच नाही गं. बाहेरचं दिसतंय."

मी नकाशा उलगडला. झरा खोडताना शेजारच्या चौकोनाचा, म्हणजे बहिणीच्या घराचा, कोपरा पुसला गेला होता.

"पोरगी कुठेय?"

"ही काय, माझ्याजवळ."

"फोन ठेवू नकोस."

मी पेन्सिलीला टोक केलं. चौकोनाच्या चारही बाजू पट्टी लावून गडद गिरवल्या, कुठे फट राहू नये म्हणून.

"आला गं कोपरा!" बहीण म्हणाली.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"ताई," ती जरा वेळाने म्हणाली, "दार कुठेय?"