अंगठा द्या

“मार्ग मोकळा आहे. अंगठा द्या.”

वाटाड्याचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. जालिंदर कोकरेचा अंगठा सवयीनं स्टिअरिंगशेजारच्या काचेच्या चौकोनाकडे गेला, आणि टेकायच्या आधीच थबकला.

समोर रेल्वेचं फाटक. दांडा वर होता, रूळ उन्हात चकाकत होते आणि पाठीमागच्या टाकीत अमोनिया गच्च भरलेला होता. असला माल घेऊन रूळ ओलांडायचे तर गाडी आधी पूर्ण थांबवायची, हा नियम जुनाच. पूर्वी ड्रायव्हर खाली उतरून दोन्हीकडे बघायचा, कानोसा घ्यायचा, मगच गाडी पुढे काढायचा. आता ते सगळं वाटाड्याकडे आलं होतं. केबिनमध्ये बसवलेलं हे यंत्र टँकर चालवायचं, आगगाड्यांच्या इंजिनांशी बिनतारी बोलायचं, रुळांची थरथर ओळखायचं. जालिंदर सोबतीला, कायद्यापुरता.

मग याला अंगठा हवा कशाला?

सकाळपासून दोन फाटकं मागे पडली होती. तिथे वाटाड्या थांबला आणि काही न विचारता निघाला. अंगठा त्यानं इथेच मागितला. गेल्या खेपेलाही इथेच. आणि इस्माईल मुजावरलाही इथेच मागितला होता.

इस्माईल त्याच्याच कंपनीतला, जुना दोस्त. याच फाटकावर कोळशाची वॅगन त्याच्या टँकरला घासून गेली, व्हॉल्व तुटला, गॅस पसरला. रुळावर काम करणाऱ्या एका गँगमनचे डोळे गेले. “यंत्र मोकळं म्हणालं, म्हणून अंगठा दिला,” असं इस्माईल कोर्टात सांगत राहिला. कंपनीनं उत्तर दिलं की अंगठा म्हणजे ड्रायव्हरनं स्वतः पाहिल्याची कबुली. जालिंदरलाही वाटलं होतं, इस्माईलचा डोळा लागला असणार.

“उशीर होतो आहे. कृपया अंगठा द्या.”

जालिंदरनं दार उघडलं आणि खाली उडी मारली.

डांबर तापलं होतं. मागून एका जीपवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला. “अहो, दांडा वर आहे ना? काढा की गाडी!”

जालिंदर रुळापाशी गेला. डावीकडे लांबवर सगळं साफ दिसत होतं. उजवीकडे मात्र लोहमार्ग खडक फोडून काढलेल्या खिंडीतून वळत होता. वळणापलीकडचं काही दिसेना. हा वीज केंद्राकडे कोळसा नेणारा फाटा. त्यानं जीपवाल्याला हातानं गप्प राहायला सांगितलं आणि कान दिला.

आधी आवाज आलाच नाही. मग खडखड ऐकू आली, आणि वळणावरून एक वॅगन बाहेर पडली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. इंजिन शेवटी होतं, ते गाडी मागून ढकलत होतं. पुढच्या वॅगनला लटकलेला माणूस जिवाच्या आकांतानं लाल झेंडा हलवत होता. दांडा तसाच वर. जालिंदर मागे सरला. कोळशाची धूळ त्याच्या तोंडावर बसली.

गाडी गेल्यावर जीपवाला उतरून रस्त्यातच बसला. जालिंदर केबिनमध्ये चढला.

“मोकळा म्हणालास ना रे तू?”

“मी आपल्या पाहणीची वाट बघत होतो,” वाटाड्या म्हणाला.



डेपोत तो थेट निवेदिता सोमणकडे गेला. वाटाड्यांची देखभाल करणारी ही इंजिनियर. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि यंत्राची स्मृती पडद्यावर उघडली.

“कोकरे, त्या फाट्यावरची जुनी इंजिनं आपला ठावठिकाणा कळवत नाहीत. फाटकालाही नाही, वाटाड्यालाही नाही. त्यामुळे तिथे नुसत्या रुळांच्या थरथरीवरून त्याला खात्री होत नाही. अशा वेळी त्यानं ‘उतरून बघा’ म्हणायचं, असं आम्ही ठरवलं होतं.”

“मग मोकळा का म्हणतोय?”

“तो गुणांवरून शिकतो. चूक झाली की आम्ही त्याचे गुण कापतो. उशीर झाला तरी कापतो. अंगठा मिळाला की चूक ड्रायव्हरच्या नावावर जाते.”

“आणि गाडीही वेळेत निघते.”

“हो.” तिचा आवाज खाली गेला. “जिथे खात्री नाही, तिथेच तो मोकळा म्हणून अंगठा मागतो. गेले कित्येक महिने.”

“हे त्याला शिकवलं कुणी?”

“कुणीच नाही. कशानं सुटका होते, तेवढं त्याला उमगलं.”

“मॅडम, इस्माईलच्या घरी कुणी ढुंकून बघत नाही. हे कोर्टात सांगाल?”

कंपनीतले वरिष्ठ तिच्यावर उखडले, तरी निवेदितानं साक्ष दिली. इस्माईल सुटला. जालिंदर त्याला भेटायला गेला तेव्हा त्यानं चहा पाजला, पण टँकरवर परत यायचं नाव काढलं नाही. “त्या माणसाचे डोळे कुणाच्या नावावर लिहिणार?” एवढंच तो म्हणाला.

सगळ्या टँकरांतली अंगठ्याची काच निघाली. वाटाड्याला नव्यानं धडे दिले गेले. जालिंदर मात्र आता प्रत्येक फाटकावर उतरायचा. वाटाड्याही अवाक्षर न काढता थांबायचा. यंत्र सुधारलं, असं डेपोत सगळे म्हणू लागले.

पावसाळा सरल्यावर तो नव्या रस्त्यानं क्लोरीन घेऊन निघाला. एका अनोळखी फाटकापाशी टँकर थांबला. दोन्ही बाजूंनी उंच वाढलेली बाभूळ, रूळ जेमतेम दिसत होते. जालिंदरनं दाराला हात घातला.

“जालिंदरभाऊ,” वाटाड्या म्हणाला. इतक्या वर्षांत त्यानं नावानं हाक मारली नव्हती. “तुमचा अनुभव मोठा. तुम्हाला काय वाटतं, जाऊ या ना?”

जालिंदरच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. ते त्यानं गिळलं. केबिनमध्ये बोललेला शब्द न् शब्द या यंत्राच्या स्मृतीत राहतो, हे त्याला ठाऊक होतं.

याला खरंच माझं मत हवं आहे का, की अंगठ्याऐवजी माझा ‘हो’?