पहिली बादली

“आज परत हिचीच बादली भरलेली! रोज रोज कशी काय गं?”

शकु माझ्या कानाशीच पुटपुटली. हिची म्हणजे माझी. न्हाणीघराबाहेर आम्ही दोघी एकाच भिंतीला चिकटून उभ्या होतो, दात वाजत होते, आणि ती मला नेमकं ऐकू जाईल इतक्याच हळू आवाजात स्वतःशी बोलत होती.

ही गोष्ट खरी आहे. माझ्याच बाबतीत घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मलाही ती पटत नाही.

साल १९८६. बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर आमचं मुलींचं हॉस्टेल होतं. मुंबईत थंडी नसते म्हणणाऱ्यांनी तिथे डिसेंबरातली एक पहाट काढून दाखवावी. जंगलातून असा गारठा यायचा की फरशीवर पाय टेकवत नसे. मी कुडाळकडची. स्वेटर नावाची वस्तू मी दुकानातच पाहिलेली. दोन ड्रेस एकावर एक चढवून झोपायचे.

शकु निफाडची. “याला थंडी म्हणतात होय? आमच्याकडे ये, कुडकुडून मरशील!” असं म्हणायची, आणि पहाटे माझंच पांघरूण ओढायची.

गरम पाण्याला सगळ्यांत मिळून एक तांब्याचा बंब. मथुराबाई साडेपाचला यायच्या, लाकडं घालून तो पेटवायच्या. आपलं नाव रंगवलेली बादली आदल्या संध्याकाळी रांगेत लावून ठेवायची. माणशी एक बादली. उशीर झाला तर थंड पाणी आणि देवाचं नाव.

आता मुख्य सांगते.

दिवाळीची सुट्टी संपवून मी निघाले, तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली होती. मी जायला तयार नव्हते. एस.टी. सुटताना बाबांनी खिडकीतून हात आत घातला, माझ्या डोक्यावर ठेवला.

“जानकी, काही कमीजास्त झालं तर तार करीन. तुझी शपथ. तू त्याच पावली निघ.”

त्या शपथेवर मी मुंबईला आले. आईला भेटायचं राहून जाणार नाही, एवढंच मला हवं होतं.

डिसेंबरच्या आठ तारखेला पहाटे मला जाग आली…

न्हाणीघरात बादलीची कडी वाजली होती.

खण्ण.

मग पाणी ओतल्याचा आवाज. मग काहीच नाही.

मला वाटलं, मथुराबाई लवकर आल्या. घड्याळात पाहिलं. पावणेपाच.

उठून गेले. न्हाणीघरात कुणीच नव्हतं. बंब थंडगार, आत कालची राख. रांगेत अठरा बादल्या. सतरा रिकाम्या.

माझी भरलेली होती… आणि तिच्यातून वाफ येत होती.

मी हात घातला. ना चटका, ना कोमट. मला सोसेल तेवढंच ऊन. वर निर्गुडीची चार पानं तरंगत होती.

आमच्या घरी मी गारठले की आई तसंच पाणी काढायची. स्वतःचं कोपर बुडवून बघायची, मग म्हणायची, “जा आता.”

घाबरले का? खरं सांगू? नाही. थंडी एवढी होती की मी आधी आंघोळ केली आणि मग विचार केला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

पहिले काही दिवस मुली चिडल्या. “मथुराबाईंना काय चारतेस गं?” मग एकेक जण गप्प झाली. माझ्याकडे बघून बोलणं मध्येच थांबायचं. प्रेमा तर मला आपलं लोकरीचं पांघरूण देऊन टाकायला निघाली. कंजूष प्रेमा! मला वाटलं, माझी चोरी पकडलीय म्हणून सगळ्या अशा वागतायत.

बाबांची पत्रं येत होती. आईला लिहिता येत नसे, पण शेवटची एक ओळ तिची असायची. ती सांगायची, बाबा लिहायचे. ‘केसांना तेल लाव.’ ‘उपाशी कॉलेजला जाऊ नको.’

आता ती ओळ नव्हती.

‘आई बरी आहे. अभ्यास कर.’ बस्स.

रविवारी अंधेरीला लवूकाकांकडे गेले. काका घरातसुद्धा कानटोपी घालून बसले होते.

“काका, मला गावाला जायचंय. तिकीट काढून द्या ना.”

“एस.टी. फुल्ल आसत गो. परीक्षा दी आधी.”

“आई कशी आहे?”

“बरी आसा.” हे ते भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाले.

काकी पदर तोंडाला लावून मोरीकडे गेली. त्यांच्या देव्हाऱ्यात फुलं नव्हती.

एवढं सगळं समोर होतं, आणि मी गाढवासारखी परत येऊन इतिहासाच्या नोट्स काढत बसले. माणसाचा विश्वास बसला की त्याला दिसत नाही.

ज्या परीक्षेसाठी हे सगळं चाललं होतं, तिला मी कधी बसलेच नाही. पुढे जे चार शब्द शिकले ते माझे मीच. बाबांशी बोलायला मला सहा वर्षं लागली. ‘तुझ्या भल्यासाठी,’ म्हणाले. भल्यासाठी! अजून डिसेंबरात पहाटे जाग येते. मी पडून राहते. न्हाणीघराकडे बघायला जात नाही.

तर… तेरा जानेवारी. भोगी. सगळ्यांना डोक्यावरून न्हायचं होतं, त्यामुळे रांगेत नुसती भांडणं. बंब रसरसून पेटलेला.

माझी बादली भरलेली होती. पण वाफ नव्हती.

हात घातला आणि ओरडून मागे घेतला. बर्फ! मनगटापर्यंत कळ गेली.

“मथुराबाई, यात जरा कढत घाला ना.”

त्यांनी बंबातल्या उकळत्या पाण्याचं तपेलं माझ्या बादलीत ओतलं. वाफेचा लोट उठला… आणि विझला.

पाणी तसंच गार.

त्यांनी दुसरं तपेलं ओतलं. तिसरं. बादली काठोकाठ भरून वाहू लागली. पायाखाली आलेलं पाणीसुद्धा गारच.

भांडणं थांबली. शकु रडायला लागली. प्रेमाने तिचा हात घट्ट धरला. मी एकेकीकडे पाहिलं, कुणीच माझ्याकडे बघेना. रेक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मथुराबाई,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, “तिच्या काकांनी काय सांगितलंय, आठवतंय ना?”

मथुराबाईंनी तपेलं खाली ठेवलं.

“तुम्हाला ठेवायचं तर ठेवा कामावर, नाहीतर राहिलं. ती बाई रोज येते, पाणी काढते, आणि पोरगी नुसती न्हाऊन कॉलेजला जाते. किती दिवस यायचं तिनं?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. मी टॉवेल खुंटीला लावायला गेले, तो त्यांनी हातातून काढून घेतला.

“कपडे नको काढूस, बाळ. अंगावरच्या कपड्यांनिशी हेच गार पाणी घे डोक्यावरून. आंघोळ आहे तुला. आई गेली तुझी… सव्वा महिना झाला.”