चार सेकंदांची जागा

मंगळवारी दुपारी, चष्म्याच्या दुकानात, टकळीच्या तोंडून माणसासमोर आयुष्यातलं पहिलं धड इंग्रजी वाक्य सुटलं, आणि तेही तिला न विचारता.

ती काउंटरवर मान खाली घालून बसली होती. डोळ्याला भिंग, हातात बोटभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर आणि समोर कुणा आजोबांची फ्रेम. असा बारीक स्क्रू बसवताना ती श्वाससुद्धा बेताने घ्यायची, कारण एकदा तो उडाला की संध्याकाळपर्यंत फरशीवर रांगत बसावं लागतं. तेवढ्यात दार उघडलं, बाहेरचा ओला वारा आत आला आणि एका आवाजाने विचारलं,

"माफ करा... दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"वी आर ओपन अनटिल एट," टकळी म्हणाली. "हाऊ कॅन आय हेल्प यू?"

मागे काचा पुसणाऱ्या मामाच्या हातातलं फडकं खाली पडलं. दुकान मामाचं. सहा वर्षं भाची त्याच्या हाताखाली होती, आणि इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक आलं की ती आतल्या खोलीत पळते हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

टकळीने मान वर केली. समोर एक उंच, अर्धवट भिजलेला तरुण. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्याची तुटलेली काडी. डोळे बारीक करून तो तिच्याकडे बघत होता. झालं — तिच्या तोंडाला कुलूप लागलं.

"मी आपल्याच भाषेत विचारलं होतं ना?" तो गोंधळून म्हणाला.

हाच आवाज. शब्दाच्या शेवटी किंचित वर जाणारा, जरासा बिचारा.

"छत्रीवाला..." टकळी पुटपुटली.

आता हे नीट सांगायला हवं. टकळी हे तिचं घरातलं नाव, कारण तिचं तोंड बंद असायचं ते फक्त झोपेत. पण संध्याकाळच्या इंग्रजीच्या क्लासात हीच मुलगी मुकी होऊन बसायची. तशी ती दुसऱ्या पायरीवर होती, म्हणजे अगदी कोऱ्या पाटीच्या पुढे आणि खरंखुरं बोलणाऱ्यांच्या बरीच मागे. लेखी परीक्षेत तिचे गुण बघून शिक्षिका खूश व्हायच्या. तोंडी परीक्षेत मात्र समोर माणूस बसला, त्याने तिच्याकडे पाहिलं, की हिचा घसा कोरडा. दोनदा नापास झाली होती. तिसरी वेळ याच शनिवारी. तिसऱ्यांदा आपटलं की पुन्हा पहिल्या पायरीवर, असा क्लासचा नियम होता.

आणि डोळ्यांच्या मोठ्या रुग्णालयातली जागा तोवर थांबणार नव्हती. तिथे देशोदेशीचे रुग्ण येत. ऑपरेशनच्या आधी भेदरलेल्या माणसाशी दोन शब्द बोलणारं, त्याची भीती घालवणारं कुणीतरी त्यांना स्वागतकक्षात हवं होतं. हे काम आपल्याचसाठी आहे, असं टकळीला अगदी आतून वाटायचं. माणसांशी बोलणं तिला येतच होतं, फक्त एका भाषेत.

घरी सरावासाठी क्लासने बारा धडे रेकॉर्ड करून दिले होते. बाराही धड्यांत एकच आवाज. पहिल्या धड्यात त्या बिचाऱ्याची छत्री हरवायची, म्हणून सगळा क्लास त्याला छत्रीवाला म्हणायचा. तिसऱ्यात त्याची गाडी चुकायची, पाचव्यात त्याला गार सूप मिळायचं, आठव्यात तो किल्ली आत विसरून स्वतःच्याच घराबाहेर उभा राहायचा. प्रत्येक प्रश्नानंतर चार सेकंदांची रिकामी जागा असे, शिकणाऱ्याने उत्तर द्यायला. गेले आठ महिने टकळी ती जागा भरत होती. भांडी घासताना, बसच्या खिडकीला नाक लावून, पांघरुणात तोंड खुपसून. तिने त्याला छत्री शोधून दिली, सूप बदलून दिलं, कुलूपवाल्याचा पत्ता सांगितला. याला अभ्यास म्हणायचं की आणखी काही, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

तिने हे सगळं समोरच्या तरुणाला एका दमात सांगितलं, पांघरुणाचा भाग गाळून. त्याचे कान लाल झाले.

"मी खरं तर रेकॉर्डिंग करणारा," तो म्हणाला. "वाचणाऱ्या गृहस्थांचा घसा बसला आणि शिक्षिकांनी मलाच माइकपुढे बसवलं. प्रश्न माझ्याकडून घोटून घेतले."

"म्हणजे तुम्हाला इंग्रजी..."

"फक्त प्रश्न येतात. उत्तरं माझ्या कागदावर नव्हतीच. ती तुमच्या पुस्तकात."

टकळी हसली. हसताना आपण त्याच्या तोंडाकडे बघतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं. "मग मधले चार सेकंद काय करायचात?"

"मोजायचो." त्याने काउंटरवर करंगळीपासून एकेक बोट टेकवलं. एक, दोन, तीन, चार. "तेवढी रिकामी जागा मागाहून जोडता आली असती. पण वाटायचं, पलीकडे कुणीतरी बोलतंय... मध्येच तोडू नये."

"बोलत होते मी," टकळी म्हणाली.

मामाने खाकरून फडकं उचललं. "काडी उद्या मिळेल," तो म्हणाला. काम दहा मिनिटांचं होतं. टकळीने मामाकडे पाहिलं, मामाने छताकडे.

बुधवारी तो आला, चष्मा घेतला आणि तिथेच घुटमळला. "शनिवारची तयारी... प्रश्न मी विचारले तर?"

त्याने समोर बसून पहिला प्रश्न विचारला. टकळी गप्प. शेवटी तो फ्रेमच्या फिरत्या स्टँडमागे जाऊन उभा राहिला आणि तिथून छत्री मागू लागला, तेव्हा कुठे हिची गाडी रुळावर आली. मधूनच तो स्टँडच्या फटीतून डोकवायचा. "तोंड आत," टकळी दटावायची, आणि तो मुकाट्याने आत जायचा.

गुरुवारी तो पुन्हा हजर. "स्क्रू ढिला झालाय."

"कालच तर बसवला."

"हो ना. कमाल आहे."

तिने स्क्रू आवळला. शुक्रवारी तो परत ढिला. या वेळी तो स्टँडमागे गेलाच नाही. सरळ समोर बसला आणि चष्मा काढून तिच्या हातात दिला.

"आता मला तुम्ही दिसतच नाही," तो म्हणाला. "नुसता एक धूसर ठिपका आहात. बोला बिनधास्त."

"ठिपका?"

"गोड ठिपका."

टकळी खुदकन हसली, आणि त्या हसण्यातच तिचं पहिलं उत्तर निघून गेलं. मग दुसरं. गाडीची वेळ, सूप, किल्ली... त्याच्या चष्म्याविना उघड्या, मऊ डोळ्यांकडे बघत ती दहाव्या धड्यापर्यंत न अडखळता पोचली. आपल्याला हा माणूस आवडलाय, खूप आवडलाय, हे तिला सातव्या धड्याच्या आसपास स्वच्छ कळलं.

"अकरावा?" तिने विचारलं.

त्याने घाईघाईने चष्मा चढवला. "अकरावा परीक्षेनंतर."

अकराव्या धड्यात छत्रीवाला कॉफीला बोलावतो. दोघांनाही ते पाठ होतं. दोघेही एकदम दुसरीकडे बघू लागले.

शनिवारी परीक्षक बाई टेबलापलीकडे बसल्या होत्या. "टेल मी अबाउट युअर वर्क," त्या म्हणाल्या आणि रोखून बघू लागल्या. टकळीची जीभ टाळ्याला चिकटली. सगळं मागच्यासारखंच होणार, रुग्णालयाची जागा गेली, असं तिला वाटलं. टेबलाखाली तिने गुडघ्यावर करंगळी टेकवली. एक. मग दुसरं बोट. तिसऱ्याला तिने बाईंच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिला नाकाच्या दोन्ही बाजूंचे लाल वळ दिसले. चष्मा कुणीतरी अगदी वाईट बसवून दिला होता.

चौथं बोट टेकलं. "मॅडम, युअर ग्लासेस आर हर्टिंग यू," टकळी म्हणाली.

बाई दचकल्या. टकळीने हात पुढे केला, चष्मा मागून घेतला, नाकावरची पॅड बोटांनी किंचित फाकवली, आणि हे करता करता आपलं काम काय, वळ का उठतात, लहान मुलांच्या फ्रेम कशा घ्याव्यात, सगळं सांगत सुटली. काळांची दहा वेळा गल्लत झाली, दोन शब्द हातवाऱ्यांनी भागवले. पाच मिनिटांची परीक्षा बारा मिनिटं चालली. बाईंनी चष्मा लावून बघितला, नाक चोळलं आणि तिच्यासमोरच कागदावर 'पास' लिहिलं.

ती धावतच बाहेर आली. बारीक भुरभुर सुरू होती. पायऱ्यांशी तो उभा होता, खरीखुरी छत्री घेऊन, ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत. तिचा चेहरा बघून तो हसला, घसा साफ केला...

"वुड यू लाइक टू हॅव अ कॉफी विथ मी?" टकळीनेच विचारलं.

हे वाक्य त्याचं होतं. आणि उत्तर त्याच्या कागदावर कधीच नव्हतं. छत्रीच्या दांड्यावर त्याची बोटं आपोआप हलली. एक, दोन, तीन, चार. रेकॉर्डिंगमध्ये एव्हाना पुढचा प्रश्न आला असता. टकळी मात्र वाट बघत उभी राहिली.

"तो स्क्रू..." शेवटी तो म्हणाला. "मीच ढिला करायचो. रोज घरून निघताना."

"माहीत आहे. नखाचा ओरखडा होता त्यावर."

"मग बोलला का नाहीत?"

"मध्येच तोडू नये म्हणून."

छत्री तिच्या डोक्यावर धरत त्याने हळूच विचारलं, "याचं उत्तर काय असतं?"

आठ महिने पांघरुणात म्हटलेलं ते उत्तर तिने त्याला सांगितलं. "येस... आय वुड लव्ह टू."

त्याने ते तिच्यामागून एकेक शब्द सावकाश म्हटलं, चष्मा न काढता, तिच्याकडे बघत. त्या चार सेकंदांत पहिल्यांदाच तो बोलत होता, आणि टकळी गप्प राहून ऐकत होती.