रबरी काका आणि एक सरळ प्रश्न

"तुम्हाला जगणं नकोसं वाटतं, असं कधी... म्हणजे... जेवलात का तुम्ही?"

"ते काका जेवत नाहीत," मागून आवाज आला. "पोटात वायरी आहेत त्यांच्या."

मी गर्रकन वळले. दुपारी मेडिकल कॉलेजच्या स्किल्स लॅबमध्ये कुणी फिरकत नाही, म्हणून तर आले होते! दारात एक उंच मुलगा उभा होता — हातात स्क्रूड्रायव्हर, खांद्यावर रबरी फुप्फुस. यंत्रं दुरुस्त करायला नुकताच रुजू झालेला इंजिनिअर. आणि मी? छाती दाबायचा सराव ज्याच्यावर करतात, त्या डमीसमोर खुर्ची ओढून त्याची विचारपूस करत होते.

"सोमवारपासून सायकियाट्रीची पोस्टिंग आहे," मी शक्य तितक्या रुबाबात म्हटलं. "हा प्रश्न विचारायचा सराव करतेय."

"मग मध्येच जेवणावर का घसरलात?"

कारण आमच्या घरी कुणाचे डोळे भरून आले की आई पंखा वाढवते, बाबा विषय बदलतात आणि आत्या ताट वाढायला घेते. मॅडमनी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं — विचारल्यामुळे असा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. न विचारल्यामुळे माणूस त्या विचाराबरोबर एकटा पडतो. त्यावरचे अभ्यास मी शोधून वाचले होते, पटलेही होते. पण पटलेलं ओठांवर येईना. शनिवारपर्यंत नाहीच जमलं, तर बॅच बदलून मागणार होते.

"माझ्यावर करा सराव," तो म्हणाला. "काकांपेक्षा बरा दिसतो मी."

"थोडासाच."

"डॉक्टरीणबाई, पेशंटशी असं बोलतात?"

मग रोज दुपारी तो काकांची फुप्फुसं चिकटवायचा आणि माझा पेशंट व्हायचा. झोप येत नाही म्हणायचा आणि मोठ्ठी जांभई द्यायचा. मी हसायचे... आणि प्रश्न राहून जायचा. स्पिरिट आणि नव्या रबराच्या वासात त्याच्या साबणाचा वास ओळखू येऊ लागला, तेव्हा मात्र मी जरा सावध झाले.

शनिवारी त्यानं स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवला. जांभई नाही, काही नाही. मी श्वास घेतला, त्याच्याकडे पाहिलं.

"जीव द्यावा, असं कधी तुमच्या मनात आलं होतं?"

"हो."

पंखा फिरत होता. मी विषय बदलला नाही.

"पदवी झाली, नोकरी लागेना. घरात सगळे म्हणायचे, चेहरा पाडू नकोस. ताईनं मात्र शेजारी बसून विचारलं. असंच, तुमच्यासारखं सरळ. तिच्याशी खोटं बोलता आलं नाही मला. तीच डॉक्टरांकडे घेऊन गेली."

"हे... पेशंट बोलतोय, की तुम्ही?"

"मीच. नाटक मला जमत नाही, हे एव्हाना कळलं असेल."

"आणि आता? आताही येतो तो विचार?"

"नाही. आता दुपारची वाट बघतो."

समोरची खुर्ची रिकामी असू शकली असती... आणि मला ते कधी कळलंही नसतं. जिला मी पाहिलंही नव्हतं, अशा एका बाईनं धीर करून तोंड उघडलं होतं. म्हणून हा, असा कान लाल करून, माझ्यासमोर बसला होता.

"मला तुमच्या ताईंना भेटायचंय," मी म्हटलं.

"कशाला?"

"आभार मानायला."

"आभार मी मानलेत की. केव्हाच."

"ते तुमच्यातर्फे. मला माझ्यातर्फे मानायचेत."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मीही नजर हटवली नाही. मग त्यानं खिशातून फोन काढला.

"ताई, उद्या घरी आहेस ना? एकीला घेऊन येतोय... नाही गं, कामाचं काही नाही..." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"हो... तीच."