स्टिअरिंग कोण फिरवत होतं

ही गोष्ट खरी आहे. कुणाला पटवून द्यायला मी बसलेलो नाही. तेवढी ताकद आता अंगात उरलेली नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना मिट्ट काळोखाची रात्र लागते.

माझ्या बाबतीत घडलं ते चार महिन्यांपूर्वी, एका गुरुवारी, दुपारी सव्वातीन वाजता. शटर सताड उघडं होतं. समोरच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू होता. मी माझ्याच गॅरेजमध्ये, एका गाडीखाली पाठीवर झोपलो होतो.

आणि गाडीत कुणीतरी बसलेलं होतं...

सुरुवातीपासून सांगतो.

गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड. मी आणि माझा मेहुणा, दोघंच. मेहुण्याला सगळे भोंगा म्हणतात. वय अठ्ठेचाळीस, गुडघा दुखरा, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. तो हळू आवाजात बोलला तरी चौकापर्यंत ऐकू जातं.

त्या दिवसांत माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. दर दोन तासांनी तिला कूस बदलून द्यावी लागायची. बायको आणि मी पाळ्या लावल्या होत्या. तीन आठवडे मी सलग झोपलो नव्हतो. उभ्या-उभ्या डोळा लागायचा.

त्या सकाळी एक नर्सबाई गाडी घेऊन आल्या. सव्वीस वर्षं जुनी, उंच, जाड पत्र्याची गाडी. त्यांनीही रात्रपाळी केलेली होती. डोळे लाल.

"वळवलं की आधी टक्क वाजतं," त्या म्हणाल्या. "आणि गाडी मग वळते. म्हणजे मी आधी, गाडी नंतर."

"कधीपासून?"

"महिना झाला. उद्या पहाटे मला डोंगरावरच्या दवाखान्यात जायचंय. दोन पेशंट बरोबर आहेत. आज होईल ना?"

मी हो म्हटलं. त्या किल्ली ठेवून बहिणीकडे झोपायला गेल्या.

टक्क का वाजतं ते मला न बघताच कळलं होतं. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक लोखंडी डबा असतो. स्टिअरिंग बॉक्स. तो गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, तीन बोल्टांनी आवळलेला असतो. चाकं वळवायचा सगळा जोर त्या तीन बोल्टांवर. जुन्या गाड्यांत तिथलं लोखंड थकतं. भोकांभोवती चिरा पडतात. मग डबाच हलायला लागतो. एक दिवस तो सुटला, की स्टिअरिंग तुमच्या हातात आणि गाडी देवाच्या.

हे तपासायला दोन माणसं लागतात. एक जण आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवतो. दुसरा खाली झोपून बघतो, काय हलतंय ते.

दुपारी जेवण झालं. बायकोचा फोन आला, आईने काही खाल्लं नाही म्हणून. तिच्याशी बोलून मी हँडलॅम्प घेतला आणि गाडीखाली सरकलो.

"भोंग्या, बस रे आत."

उत्तर आलं नाही. पण वर सीटची स्प्रिंग करकरली. चालकाच्या बाजूने गाडी बोटभर खाली बसली.

"डावीकडे."

दांडा डावीकडे फिरला.

"आता उजवीकडे."

फिरला.

पुढच्या बोल्टापाशी चीर दिसली. केसाएवढी. तेवढी वेल्डिंगने भरायची, वर एक पट्टी मारायची, दीड तासाचं काम. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दीड तासात मी घरी जाऊन आडवा झालेला मला दिसायलाही लागलो.

"बस, झालं. उतर."

दांडा फिरतच राहिला...

डावीकडे. उजवीकडे. डावीकडे.

"अरे पुरे म्हटलं ना!"

आता तो आणखी जोरात फिरायला लागला. टोकापर्यंत. टोकाला गेल्यावरही वरून कुणीतरी रेटत होतं. आख्खी गाडी कण्हत होती.

मला राग आला. ओरडणार, तेवढ्यात गालावर काहीतरी पडलं.

गंजाची भुकटी.

ती त्या चिरेतून पडत नव्हती. तिच्या मागून, चासीच्या आतल्या बाजूने पडत होती. तिथे सहसा कुणी बघत नाही. बघायला मान पार वाकडी करावी लागते. मी मान वाकडी केली. लॅम्प आत घातला.

आत एक जुनी पट्टी होती. कुणीतरी कधीतरी मारलेली. तिचा सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललेला होता. स्टिअरिंग फिरेल तसं ते फटीसारखं उघडत होतं, मिटत होतं.

पुढची चीर मी भरली असती तरी हे तसंच राहिलं असतं. उद्या पहाटे, डोंगरावर.

"थांब," मी म्हणालो.

दांडा थांबला.

"बरं झालं फिरवलंस. नाहीतर राहिलंच असतं."

वरून एक शब्द नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. पाच मिनिटं झाली होती आणि भोंगा एकदाही बोलला नव्हता.

तेवढ्यात बाहेर स्कूटरचा आवाज आला. थांबली. स्टँडवर लागली.

"अहो दाजी! ग्राइंडरची डिस्क पहिल्या दुकानात नव्हतीच! पार नाक्यापर्यंत गेलो!"

भोंगा.

मी फोनवर होतो तेव्हा तो सांगून गेला होता. भोंग्याचं ओरडणं मला ऐकू आलं नाही, यावरून माझी काय अवस्था होती ते समजा.

मी खालीच पडून राहिलो. गाडीखालून मला त्याच्या चपला दिसत होत्या. शटरपाशी. दहा पावलांवर.

आणि माझ्या डोक्यावर स्प्रिंग पुन्हा करकरली...

गाडी हळूच बोटभर वर आली. माणूस उतरल्यावर येते तशी.

दार उघडल्याचा आवाज झाला नाही.

भोंग्याने ते बघितलं. त्याच्या हातातली डिस्क खाली पडली. मी सरपटत बाहेर आलो. सीट रिकामी. काचा वर. चालकाचं दार तर आतून-बाहेरून उघडतच नव्हतं, सकाळी नर्सबाईसुद्धा दुसऱ्या बाजूने उतरल्या होत्या.

"कोण होतं?" भोंग्याने विचारलं.

अगदी हळू. त्याचा तसा आवाज मी लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी ऐकला नव्हता.

गाडी तशीच परत द्यावी असं त्याचं म्हणणं. मलाही तेच वाटत होतं. पण बाई ती चालवणारच होत्या. आता तो सांधा मी बघितला होता.

मी स्टिअरिंग बॉक्स सोडवून काढला आणि टेबलावर ठेवला. वायर ब्रशने चासीवरची जुनी पट्टी घासली. काळं निघालं, खालचं लोखंड दिसलं, वेल्डिंगची रेघ दिसली.

आणि माझे हात थांबले.

मी डावखुरा आहे. माझ्या वेल्डिंगच्या लहरी उलट्या झुकतात. रेघ संपवताना मी टोकाला एक छोटा आकडा वळवतो. सवय आहे. आमच्या धंद्यात वेल्डिंग म्हणजे हस्ताक्षर.

ते माझं हस्ताक्षर होतं.

मग आठवलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गाडी तेव्हा निळी होती, आता पांढरी आहे, म्हणून ओळखली नाही. मालक एक शिंपी होता. संध्याकाळी आला. मी सकाळपासून दोन माणसांचं काम ओढत होतो, हात वर धरवत नव्हते. आतल्या बाजूचा रंग आणि गंज घासायचा कंटाळा केला. गंजावरच पट्टी चिकटवली. असलं वेल्डिंग वरून धरतं, आतून धरत नाही. मला ते तेव्हाही माहीत होतं.

त्याला म्हणालो होतो, "काही होत नाही. बिनधास्त चालवा."

भोंग्याला मी हे सांगितलं. त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली.

मग काम केलं. जसं करायला हवं तसं. जुनी पट्टी कापून काढली. लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं. प्रत्येक चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे पळत नाही. बोल्ट आवळताना चासी चेपू नये म्हणून आत नळीचे तुकडे बसवले. दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या. साडेचार तास.

त्या साडेचार तासांत स्टिअरिंग तीनदा फिरलं...

बॉक्स टेबलावर होता. दांडा कशालाही जोडलेला नव्हता. तरी तो थोडा डावीकडे जायचा, थोडा उजवीकडे यायचा. कंटाळलेला माणूस वाट बघताना स्टिअरिंग फिरवतो तसा.

मी वर बघितलं नाही. घाबरलो नव्हतो असं नाही. पण घाबरायलाही ताकद लागते. मी काच तोंडावर घेऊन वेल्डिंग करत राहिलो.

आठच्या सुमाराला नर्सबाई आल्या. बॉक्स बसवून झाला होता. शेवटची तपासणी राहिली होती आणि भोंगा काही केल्या आत बसायला तयार नव्हता. मग बाईच बसल्या. मी खाली.

"डावीकडे घ्या... उजवीकडे... पुन्हा डावीकडे."

काही हलत नव्हतं. डबा खडकासारखा घट्ट.

"थांबा, झालं."

दांडा आणखी अर्धा फेरा गेला. सावकाश. मग थांबला.

"तुम्ही थांबा म्हटल्यावर मी थांबलेच होते हो," वरून बाई म्हणाल्या. "हे काय आपोआप होतं का?"

मी गाडीखालून बाहेर आलो.

"नवीन ग्रीस आहे," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग त्यांचा फोन आला. व्यवस्थित पोचल्या होत्या. गाडी लोण्यासारखी वळते म्हणाल्या. आजही चालवतात. त्यांना कधीच काही जाणवलं नाही.

पण मला चैन पडेना. तो शिंपी...

माझ्या मनात एकच होतं. त्याला काहीतरी झालं असणार. कुठल्यातरी वळणावर. आणि तो येऊन माझ्या डोक्यावर बसला, मला माझंच काम दाखवायला.

नर्सबाईंकडून जुन्या कागदांवरचा पत्ता घेतला. रविवारी गेलो. दुसरा मजला, अरुंद जिना. बेल वाजवली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. माफी मागायची, बास.

एका वयस्क बाईंनी दार उघडलं. मी आत पाय टाकला आणि भिंतीवर त्याचा फोटो शोधायला लागलो.

"कोण आहे गं?"

आतल्या खोलीतून शिंपी आला. गळ्यात टेप, कानावर खडू. पोट सुटलेलं. चांगला ठणठणीत.

मी मटकन खुर्चीत बसलो.

"अरे, तुम्ही तर गॅरेजवाले!" त्याने मला ओळखलं. "ती गाडी दिली विकून. डोळ्यांना कमी दिसायला लागलं म्हणून. नाहीतर सोडलीच नसती."

"स्टिअरिंगचा काही त्रास?"

"छे! सात वर्षं चालवली तुमच्या कामानंतर. एक आवाज नाही. सगळ्यांना सांगायचो, काम करावं तर असं."

त्याने मला चहा दिला. मी प्यालो. माफी मागायची राहूनच गेली.

जिना उतरताना मला हलकं वाटायला हवं होतं.

तिसऱ्या पायरीवर मी कठडा धरून उभा राहिलो.

हा जिवंत आहे. नर्सबाई जिवंत आहेत. त्या गाडीला दोनच मालक झाले. त्या गाडीत कधी कुणाला खरचटलंही नाही.

मग आत कोण बसलं होतं?

आणि त्याला माझंच काम का दाखवायचं होतं?

तीस वर्षं मी हे काम करतोय. दमलेला असताना मी किती गाड्या बाहेर सोडल्या असतील? किती जणांना म्हणालो असेन, बिनधास्त चालवा?

आई दीड महिन्यापूर्वी गेली. आता रात्री मला कुणी उठवत नाही. तरी दर दोन तासांनी जाग येते. गाड्या आठवतात. कुठली निळी, कुठली हिरवी. कुठल्या संध्याकाळी हात थरथरत होते.

गॅरेजच्या भिंतीवर कॉम्प्रेसरच्या मागे गिऱ्हाइकांचे जुने फोन नंबर लिहिलेले आहेत. पेन्सिलीने, खडूने, मिळेल त्याने. मी ते रोज एक-दोन लावतो. स्टिअरिंगचं काम केलेल्यांचे आधी.

"दाजी, सोडा ना आता," भोंगा म्हणतो. हळूच म्हणतो. तो अजून पहिल्यासारखा ओरडत नाही.

आतापर्यंत नऊ जण सापडले. नऊही जिवंत आहेत. नऊही जणांनी माझे आभार मानले.

दहावा नंबर हात थरथरत होते तशाच एका संध्याकाळचा. तो मी कागदावर उतरवून खिशात ठेवलाय. नीट वाचता येतो. सगळे आकडे आहेत.

आज तिसरा दिवस. अजून लावलेला नाही.