तिलाच विचारा

चपलांच्या दुकानातल्या माणसाने तिने दाखवलेला उंच टाचेचा लाल जोड हातात धरला आणि तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं, "यांना किती नंबर लागतो?"

झालं, आजही तेच. दिवसभर लोकांची तोंडं उघडून बघणारी दातांची डॉक्टर ती. पण चाकांच्या खुर्चीवरून दुकानात शिरली की तिलाही तोंड आहे हे कुणाच्या ध्यानातच येत नसे. आपला आजचा मालक कोण, हे बघायला ती वळली. हातात बुटाची नाडी घेऊन एक उंच, किडकिडीत माणूस उभा होता.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "मी ओळखतही नाही. त्यांनाच विचारा."

बाहेर पडताना तिने त्याला विचारलं, "उंच टाच कशाला, असं नाही विचारलंत?"

"लाल आहे ना… आणखी काय हवं?"

तो शाळेत गणित शिकवायचा. पुढे दोघं कॉफीसाठी बिनपायरीचं हॉटेल शोधत गावभर फिरू लागले. "एकच तर पायरी आहे," असं म्हणत वेटर तिला कपाटासारखं उचलायला धावायचे, ती भडकायची. "केवढं मोठं मन हो तुमचं," असं म्हणून लोक मास्तरची पाठ थोपटायचे, मग तो भडकायचा. सांगितल्याशिवाय तो खुर्चीला हात लावत नसे, आणि तिला तेच फार आवडायचं. संध्याकाळ झाली की ती त्याची वाट बघू लागली.

आणि मग त्यानेच माती खाल्ली. नाटकाला पुढची तिकिटं काढलेली असताना दारावरचा माणूस खुर्ची मागेच ठेवा म्हणाला. तिने तोंड उघडायच्या आत मास्तर बोलून गेला, "चालेल, तिला मागे चालतं."

"भांडण नको म्हणून…" तो नंतर पुटपुटला.

"भांडण माझं होतं," ती म्हणाली. "माझ्या वतीने बोलणारे मला पायलीला पन्नास मिळतात. तू येऊ नकोस."

पुढचे आठ दिवस तिचं कशात लक्ष लागेना. नवव्या दिवशी तो दवाखान्यात आला, गाल सुजलेला, सोबत आई. तिच्यासमोर तो आडवा झाला. तिने त्याच्या तोंडात कापूस भरला, तशी आई त्याच्या डोक्यावरून तिच्याशी बोलू लागली.

"हा जेवत नाही, झोपत नाही, डॉक्टर. दाढेचं निमित्त आहे. तुमच्यावर जीव जडलाय याचा."

मास्तर नुसता हातवारे करत राहिला. तिला हसू आवरेना. तिने कापूस काढला.

"बोल."

"कसं वाटतं ते कळलं," तो म्हणाला. "चुकलं माझं."

"आणि आई म्हणाल्या ते?"

"खरं आहे. पण ते… मला म्हणायचं होतं."

"मग म्हण की."

त्याने म्हटलं. सुजलेल्या गालामुळे अर्धं कळलं, अर्धं तिने डोळ्यांत वाचलं.

आई त्याच्याकडे वळली. "आणि यांचं काय रे? होकार आहे का?"

"मला काय माहीत?" मास्तर म्हणाला. "तिलाच विचार."

आई क्षणभर घोटाळली. मग स्टूल ओढून तिच्यासमोर बसली आणि तिच्या डोळ्यांत बघून तिने तिलाच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण आधी याची दाढ."